चौतीस पॉइंट सात

बटण माझ्याहून सात वर्षांनी लहान. जन्मली तेव्हा तिचे डोळे इतके गोल आणि काळे होते की बाबा म्हणाले, हे तर शर्टाचं बटण आहे, आणि तेच तिला चिकटलं. शाळेच्या हजेरीत दुसरं नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती इकडेतिकडे बघते, कुणाला बोलावतायत म्हणून.

आमचं काचेचं दुकान. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. आई गेली तेव्हा बटण पाच वर्षांची होती. तेव्हापासून तिची वेणी, तिचा डबा, तिची नखं, सगळं माझ्याकडे. शाळा मी नववीत सोडली. गणिताच्या सरांनी माझा पेपर वर्गात बाकाबाकावरून फिरवला होता, सगळ्यांना हसायला मिळावं म्हणून. मी डस्टर उचलून फेकलं. सरांना लागलं नाही, फळ्याला लागलं, पण गाजलं ते सरांना लागल्यासारखंच. वडिलांना घेऊन ये आणि माफी माग, असं सांगितलं. मी वडिलांना नेलं नाही, माफी मागितली नाही आणि परत गेलेही नाही. बाबांनी दोन दिवस समजावलं, तिसऱ्या दिवशी माझ्या हातात टेप दिली.

खरं सांगायचं तर दुकानात मला गणित कधी अडलं नाही. काचेचं एकच तत्त्व आहे. मापापेक्षा काच केसभर लहान चालते, केसभर मोठी चालत नाही. लहान असली तर पुट्टी आणि पट्टी सांभाळून घेते. मोठी असली की ती बसतच नाही, जोर दिला तर तडकते. आमच्याकडे जुन्या लाकडी खिडक्यांचं काम जास्त, त्यांच्या खाचा खोल. त्यामुळे टेपवर चौतीस पॉइंट सात आलं की बाबा मोठ्याने चौतीस म्हणतात आणि कापतात. पॉइंटनंतरचं टाकून द्यायचं. बटण रांगत होती तेव्हापासून हे ऐकत आलीय. टेपचं दुसरं टोक धरायचं काम तिचंच. नऊ वर्षांची झाली तरी तिला ते काम म्हणजे केवढा मान वाटायचा.

म्हणून चौथीत जेव्हा दशांश आले, तेव्हा तिची वही लाल होऊन घरी आली. जवळच्या पूर्ण संख्येत लिहा, असं होतं. बारा पॉइंट नऊला हिने लिहिलं बारा. चौतीस पॉइंट सातला चौतीस. साठ पॉइंट आठला साठ. सगळं पान असं. खाली बाईंनी लिहिलं होतं की प्रवेश परीक्षेत हे येतं, घरी लक्ष द्या.

ती प्रवेश परीक्षा म्हणजे निवासी शाळेची. पाचवीपासून पुढची. बसने सहा तास लांब, राहणं-खाणं-शिकणं सगळं तिथेच, वर्षातून दोनदा घरी. चाळीस जागा. चौथीतच एकदा बसता येतं, नंतर नाही. बाबांनी तिचा फॉर्म भरून घेतला तेव्हाच माझ्या मनात एकच आलं होतं. ती गेली तर मागच्या खोलीत मी एकटी. हे मी कुणाला बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं त्यात?

बाबांना अक्षर वाचता येत नाही, आकडे सगळे येतात. त्यांनी वही बघितली, लाल रेघा बघितल्या आणि म्हणाले, मोठे, हे तू बघ.

पहिल्या दिवशी मी तिच्यावर ओरडलेच. तिला रडायलाबिडायला येत नाही, ती वाद घालते. म्हणाली, पस्तीसची कापली तर बसणार नाही, काच वाया जाईल. मी म्हटलं, इथे फ्रेम नाहीये, नुसता आकडा आहे. तर म्हणते कशी, "फ्रेम नाही तर माप कशाला घेतलं?"

शेजारी इस्त्रीवाल्या काकू. त्यांचं दुकान आणि आमचं दुकान यांच्यात फक्त एक पत्रा. पत्र्यापलीकडून हसण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काकू. "मोठे, आधी तू उत्तर दे, मग तिला रागव."

डोकं तापलं की मी बाहेर जाऊन उभी राहते, तशी राहिले. आणि गल्लीत उभी असताना सुचलं. इस्त्रीचं दुकान ते सायकलवाल्याचं दुकान, एवढ्या अंतरात खडूने रेघा मारल्या. इस्त्री म्हणजे चौतीस, सायकलवाला म्हणजे पस्तीस, मधे नऊ रेघा. बटणला सातव्या रेघेवर उभं केलं.

"मागे कुत्रं लागलंय. कुठे पळशील?"

"सायकलवाल्याकडे."

"का?"

"जवळ आहे म्हणून."

म्हटलं, झालं, एवढंच आहे सगळं. तिने मागे वळून इस्त्रीकडे बघितलं, पुढे सायकलवाल्याकडे बघितलं, पायाखालच्या रेघेकडे बघितलं. तोंड उघडं. मग स्वतःच तिसऱ्या रेघेवर गेली आणि इस्त्रीकडे पळाली. आठव्यावर गेली, सायकलवाल्याकडे पळाली. सायकलवाला ओरडला की माझ्या दुकानात कुत्री आणू नका. मग बरोब्बर मधल्या रेघेवर जाऊन थांबली आणि म्हणाली, आता? मी म्हटलं, पुढे जायचं, नियम आहे. कुणी केला नियम? मला काय माहीत कुणी केला. मी म्हटलं, "ज्याला मधे उभं राहून कुत्रं चावलं, त्याने."

ती हसत हसत रस्त्यातच बसली. त्यानंतर पाचाला ती कधी चुकली नाही.

चार दिवसांत गल्लीतली आणखी पाच पोरं रेघांवर पळायला लागली. मग मी पॉइंटनंतर दोन आकडेवाले घेतले, मग हमखास चुकवणारे, नऊ पॉइंट नव्याण्णवसारखे. ओरडायची गरजच पडेना. मलाच माझं नवल वाटायचं. पुढच्या आठवड्यात वही आली ती सगळी बरोबर, आणि समासात बाईंनी लिहिलं होतं, ताईला सांग, छान शिकवते. बटणने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी म्हटलं, ठीक आहे, ठीक आहे, जा हात धू. ती हात धुवायला गेल्यावर मी ते तीनदा वाचलं.

इथपर्यंत सगळं नीट होतं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी तिला हाक मारली आणि टेबलाच्या फडक्याखालून एक आरसा काढला. तळहाताहून थोडा मोठा, गोल. गोल कापणं किती कटकटीचं असतं ते मला माहीत आहे. कडा घासून घासून अशा केल्या होत्या की बोट फिरवलं तर साबणावरून फिरवल्यासारखं वाटावं. तीन संध्याकाळी ते मला पुढे गिऱ्हाईक बघायला बसवून मागे हेच करत होते. म्हणाले, वसतिगृहात भिंतीवर मोठा आरसा असेल-नसेल, हा तुझा. वेणी नीट पडते का ते आता तुलाच बघायला लागेल.

बटणने आरशात दात बघितले, कान बघितले, मग मला दाखवला. बाबा हसत होते. परीक्षा व्हायची होती, निकाल लागायचा होता, आणि त्यांनी मनाने तिला पाठवूनही दिलं होतं. आणि मी? चार वर्षं कुणी वेणी घातली? मला नवव्या वर्षी, सोळाव्या वर्षी, कधी कुणी गोल काही कापून दिलं? ही भाषा माझ्या डोक्यात रात्रभर चालू राहिली. सकाळी उठले तेव्हा थांबली होती असं वाटलं. थांबली नव्हती.

सकाळी वेणी घालायला तिला पुढ्यात बसवलं. ती मान हलवत पाढे म्हणत होती. बाबा बाहेर काकूंना दुकानाकडे लक्ष ठेवायला सांगत होते. मी रबर बांधता बांधता म्हणाले, "हे बघ, त्या पेपरात दशांश आले तर बाबांसारखं करायचं. पॉइंटनंतरचं टाकून द्यायचं."

तिने मान वळवली. "पण बाईंनी तर..."

"ती मोठी शाळा आहे. तिथे खरी मापं विचारतात. मी सांगते ना?"

"बरं," ती म्हणाली.

बस्स, एवढंच. ठरवून नव्हतं केलं, पण तोंडातून निसटलं असंही म्हणता येणार नाही. मला माहीत होतं मी काय बोलतेय. मनात हिशोब होता की एखादा प्रश्न असेल, एक-दोन मार्क जातील, आणि मग जे व्हायचं ते होईल, माझ्यामुळे असं काही नाही.

परीक्षेच्या शाळेपाशी आईबापांची ही गर्दी. बटण आत गेली, लोखंडी फाटक बंद झालं. मी फाटकाशी गेले. रखवालदाराला म्हटलं, माझ्या बहिणीला एक गोष्ट सांगायची राहिलीय, एकच मिनिट. तो म्हणाला, सगळ्यांचीच राहिलेली असते. मी वाद घातला, त्याने मला बाजूला केलं. बाबा म्हणाले, मोठे, चिडू नकोस, तिला सगळं येतं, तूच शिकवलंयस.

दोन तासांनी ती बाहेर आली. सोपा होता, म्हणाली. बसमध्ये बाबांच्या खांद्यावर झोपली. मी विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी यादी लागली. चाळिसाव्या मुलाला एकाहत्तर होते. बटणला सदुसष्ट.

बाबा यादीपुढे बराच वेळ उभे होते. नावं वाचता येत नाहीत, पण आकडे खालीवर बघत होते, की कुठे सदुसष्टच्या खालचा कुणी आहे का. मग कळलं की पालकांना पेपर बघता येतो, एक दिवस, ऑफिसात बसून. बाबा म्हणाले, बघू. मला बरोबर घेतलं, अर्ज लिहायला.

क्लार्क चांगला माणूस होता. गठ्ठ्यातून पेपर काढून टेबलावर पसरला. भाषेत छान मार्क होते. गणितात दशांशांचा नुसता एखादा प्रश्न नव्हता. अख्खा दहा मार्कांचा विभाग होता, दहा आकडे, एकेक मार्क. तिथे चार मिळाले होते.

आणि ते नुसते चुकलेले नव्हते. सहा ठिकाणी तिने आधी बरोबर उत्तर लिहिलं होतं. मग ते पट्टी ठेवून एका सरळ रेघेने खोडलं होतं आणि वर दुसरं लिहिलं होतं. एकोणीस पॉइंट आठ, वीस, खोडून एकोणीस. सात पॉइंट पाच, आठ, खोडून सात. सहाही रेघा सारख्या. शेवटी शेवटी माझं बोलणं आठवलं असणार तिला, आणि मग तिने पट्टी काढून शहाण्यासारखं सगळं दुरुस्त केलं असणार.

क्लार्कने चष्मा वर केला. "मुलीला येत होतं की हो. खोडलं कशाला?"

मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. बाबांनी बोट ठेवून एकेक आकडा वाचला, ओठ हलवत, सगळे दहा. मग क्लार्कला म्हणाले, "आमचं काचेचं काम आहे साहेब. आमच्यात असंच करतात. हे माझं आहे, तिचं नाही." आणि मग त्यांनी त्या माणसाला सगळं समजावलं, खाच, पुट्टी, काच मोठी झाली तर कशी तडकते. हाताने खिडकी काढून दाखवली. म्हणजे कुणीतरी समजून घेतलं तर अजूनही काही होईल, अशा आवाजात. क्लार्कने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की कळतंय, पण उत्तर ते उत्तर.

बसथांब्यावर आम्ही बाकावर बसलो. बस यायला वेळ होता. बाबा म्हणाले, उद्यापासून तिला दुकानात येऊ द्यायचं नाही, टेप धरायला नको, आपण बोलतो ते तिच्या कानावर नको. मी इतकी वर्षं तिच्यासमोर पॉइंट फेकत बसलो, म्हणाले. त्यांच्या अंगठ्यावर काचेचे जुने बारीक चरे आहेत, ते चोळत होते.

मग मी सांगितलं. सगळं. आरशाचं, वेणीचं, मी काय म्हणाले, ती बरं म्हणाली ते. एका दमात सांगितलं आणि वाट बघत बसले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

बाबांनी फक्त विचारलं, "तिला कळलं होतं का, तू मुद्दाम सांगतेयस ते?"

"नाही. तिला वाटलं, खरंच."

एक बस आली, आमची नव्हती, गेली. त्यांनी एकदा तोंडावरून हात फिरवला. डोळे पुसले असं म्हणवत नाही मला, पण हात डोळ्यांवर जरा जास्त थांबला. मग म्हणाले, "तिला सांगायचं नाही."

मी म्हटलं, मी सांगणार. आजच सांगणार. मला हे पोटात ठेवता येणार नाही.

"तुला हलकं व्हायचंय म्हणून तिला कशाला मोडतेस? तिला काही अडलं तर ती कुणाला विचारते? मला तर वाचता येत नाही." एवढंच बोलले. बसमध्ये त्यांनी मला खिडकीची जागा दिली, नेहमीसारखी. त्याने तर जास्तच लागलं.

बटण काकूंच्या दुकानात बसून होती, घड्या घातलेल्या कपड्यांच्या ढिगामागे. आम्हाला बघून उडी मारून आली. तिच्या हातात वह्यांना घालायचं नवं कव्हर होतं, काकूंनी दिलेलं. तिला वाटत होतं, पेपर बघायला गेले म्हणजे काहीतरी सापडेल. आमच्या तोंडाकडे बघून तिने ते कव्हर पाठीमागे धरलं.

"कुठे चुकलं?"

बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, माझ्यामुळे चुकलं, दुकानातलं माप तुझ्या डोक्यात बसलं होतं, तुझा काही दोष नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मला वाटलं, आता बोलेल. ताईनेच सांगितलं होतं, म्हणेल. मला तेच हवं होतं, कुणीतरी बोलून टाकावं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "मीच विसरले. मला येत होतं, घाईत विसरले."

बाबांनी तिला जवळ घेतलं. तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

ती तेव्हा रडली नाही. जेवली. मग मागच्या खोलीत आली. मी भिंतीला टेकून बसले होते, दिवा न लावता, बाहेर अजून थोडा उजेड होता. ती शेजारी बसली आणि मग मात्र तिचे खांदे हलायला लागले. आवाज येऊ देत नव्हती. हुंदक्यांमधून म्हणाली की तिला जायचं होतं. फार जायचं होतं. तिथे वाचनालय आहे आणि दोन मजली पलंग असतात, वरचा पलंग घ्यायचा असं तिने ठरवलं होतं. मला वाईट वाटेल म्हणून कधी बोलली नव्हती.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार होते? तोंड उघडलं आणि बाबांचं बसथांब्यावरचं तोंड समोर आलं, तोंड मिटलं.

थोड्या वेळाने तिने बाहीला नाक पुसलं. कानाशी आली आणि कुजबुजली, "मी बाबांना तुझं नाव सांगितलं नाही."

ती आणखी जवळ सरकली.

"ते तुला ओरडले असते. तुझी काय चूक? तुला माहीतच नव्हतं, त्या शाळेत कसं असतं. तू मधेच शाळा सोडलीस ना, म्हणून राहिलं असेल तुझं." तिने माझा हात स्वतःच्या मांडीवर ओढला आणि तळवा उलगडला. "मी शिकवते. सोपं आहे. घाबरायचं नाही."

माझ्या तळहातावर तिने बोटाने एक आडवी रेघ ओढली. एका टोकाला टेकवून म्हणाली, हा सहा. दुसऱ्या टोकाला, हा सात. मग मधे, जरा पुढे, बोट दाबून धरलं.

"आता हा सहा पॉइंट आठ. सांग, कुणाच्या जवळ आहे?"

मी म्हटलं, "सातच्या."

"बघ," ती म्हणाली, "येतंय की तुला."